एकी हवी, म्हणून किल्लीही एकाच खिशात हवी का?

ताई,

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचं गाव आहे. मी उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे. बऱ्याच वर्षांनी, पुढच्या साली, आमच्या गावची महालक्ष्मी यात्रा होणार आहे. यात्रा कमिटीत मला सहचिटणीस म्हणून घेतलंय. अध्यक्ष आप्पा. देवस्थान पंच कमिटी, वाचनालय, सीमाप्रश्नासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचं गावातलं काम, सगळं कित्येक वर्षं तेच बघतात. पैशाच्या बाबतीत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. पण चेकवर सही त्यांची एकट्याची, देवळाच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात, हिशेबाची वही त्यांच्या कपाटात. मागच्या पावसाळ्यात ते दवाखान्यात होते तेव्हा देवळाचं लाईट बिलसुद्धा आम्हाला भरता आलं नाही. आम्ही पोरांनी म्हटलं, गल्लीवार कमिट्या करूया, सगळे निर्णय सगळ्यांनी मिळून घेऊया. व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. तीन महिने झाले, मांडवाचा दर ठरलेला नाही. त्यात एका गल्लीनं स्वतःची पावती पुस्तकं छापून पट्टी, म्हणजे यात्रेची वर्गणी, गोळा करायला घेतली. आप्पा म्हणतात, "आपण सीमेवरची माणसं. एकीशिवाय आपल्याकडे आहे काय? गल्लीगल्लीत अधिकार वाटलात तर बाहेरचे येऊन गाव फोडतील की." बैठकीत हे वाक्य आलं की पुढं कुणी तोंड उघडत नाही. मला ते पटतं, आणि पटतही नाही. अधिकार एकाच्या हातात असावा की सगळ्यांच्या? मी राजीनामा देऊ का?

– एक सहचिटणीस

प्रिय सहचिटणीस,

राजीनामा देऊ नकोस. यात्रेच्या तोंडावर चिटणीस बाजूला झाला की भांडण मिटत नाही, कमिटीतून उठून गल्लीत जाऊन बसतं. शिवाय आप्पांच्या जागी उद्या तू आलास आणि सही, किल्ली, वही तशीच एका ठिकाणी राहिली, तर दहा वर्षांनी तुझ्याबद्दल कुणीतरी मला असंच पत्र लिहील.

तू विचारतोस, अधिकार एकाचा की सगळ्यांचा. आप्पांचाही प्रश्न तोच आहे, उत्तर तेवढं उलटं. दोघंही अधिकार ही एकच वस्तू धरून चालला आहात. जरा सुटी करून बघ. चेकवर सही करणं हा एक अधिकार. वही लिहिणं दुसरा. वही बघायला मागणं तिसरा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. बैठक बोलावणं, कंत्राट देणं, पोलीस स्टेशनात आणि डीसी, म्हणजे कलेक्टर, ऑफिसात गावाच्या नावानं बोलणं, मानपानाचा वाद तोडणं, हे सगळे आणखी वेगळे. यातले काही एका माणसाकडे असलेले बरे, काही एका माणसाकडे असताच कामा नयेत, आणि वही बघण्याचा तर प्रत्येक घराला असायला हवा. आज ते सगळे आप्पांकडे आहेत, पण गावानं ठरवून दिलेत असं दिसत नाही. कुणी वही लिहायला बसत नव्हतं तेव्हा ते बसले, तालुक्याला हेलपाटे घालायला कुणी मोकळं नव्हतं तेव्हा ते गेले, आणि एकेक काम त्यांच्याकडे साचत गेलं. त्या माणसाला "अधिकार सोडा" म्हटलं की त्याच्या कानाला "एवढी वर्षं केलंत ते चुकीचं केलंत" असं ऐकू येतं. तुम्ही पोरांनी हे ध्यानात घेतलेलं पत्रात तरी दिसत नाही.

आता त्यांचं सीमेचं म्हणणं. ते गंभीरपणे घ्यायला हवं, कारण ते हवेतून आलेलं नाही. आप्पांच्या वयाच्या माणसानं १७ जानेवारी १९५६ च्या, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतात, आणि १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन तर स्वतः पाहिलेलं असतं. त्या आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकावर दर १ जूनला ती पिढी उगीच जात नाही. उतारा, नोटीस, दाखला, सगळे कागद ज्या भाषेत येतात ती वाचायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं, अशा ठिकाणी सरकारी टेबलासमोर गावाचे सात जण सात गोष्टी सांगू लागले की साहेब हसून सगळ्यांना परत पाठवतो. बाहेर बोलणारा आवाज एकच हवा, हे आप्पांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. तो आवाज त्यांचाच राहू दे. त्यांना माणसं ओळखतात, त्यांचा शब्द चालतो, ती गावाची कमाई आहे.

पण बाहेर एक आवाज हवा म्हणून आत चेकवर एकच सही हवी, हे कुठून आलं? या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. बैठकीत त्या एका दमात म्हटल्या जातात आणि ऐकणाऱ्याला उत्तर सुचत नाही, एवढंच. सीमेचं नाव घेतल्यावर हिशेब विचारणारा माणूस गावाचा वैरी वाटू लागतो, आणि ही गोष्ट मला फार लागते. ज्या लोकांनी भाषेसाठी लाठ्या खाल्ल्या त्यांचं नाव लाईट बिलाच्या सहीसाठी वापरू नये.

आपली स्वतःची तक्रार काय आहे ते आठव. बेळगावचे निर्णय पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरात होतात, आपल्याला विचारलं जात नाही, ही तक्रार मराठी माणूस करतो आणि इथला कन्नड शेतकरीही करतो. बेळगावात विधिमंडळासाठी सुवर्ण विधानसौध उभं राहून २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तिथं अधिवेशनं होतात, पण वर्षातले काही दिवस सरकार बेळगावात येऊन बसलं म्हणून निर्णय बेळगावचे होत नाहीत. महापालिकेची मुदत २०१९ मध्ये संपली आणि निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. मधला काळ शहर अधिकाऱ्यांच्या हाती. तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, त्यानंतरच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या. आपण म्हणतो, हे चूक आहे, आमच्या गटारीचा आणि रस्त्याचा निर्णय आम्ही निवडलेल्या माणसानं घ्यावा. बरोबरच आहे. मग तुमच्या गावातली एखादी गल्ली जेव्हा म्हणते की आमच्या गल्लीतल्या लाईटचा आणि पाण्याचा निर्णय आम्ही घेतो, तेव्हा ती वेगळं काय मागते?

फुटीबद्दलही एकदा नीट बोलूया, कारण आप्पांची खरी भीती तिथं आहे. २०१३ च्या विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले. २०१८ ला एकही नाही. त्या वर्षी खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार समोरासमोर उभे होते, आणि दोघांची मतं एकत्र केली असती तर विजयी उमेदवाराहून जास्त भरली असती. ही फूट कुठल्या गल्लीतून वर गेली नव्हती. उमेदवार कुणी ठरवायचा, याची सर्वांना मान्य अशी रीत वर नव्हती, म्हणून ती वरच पडली आणि खाली गावागावांत झिरपली. अधिकार वाटल्यानं माणसं फुटतात असं मला तरी कधी दिसलेलं नाही. अधिकार कुणाचा आहे हे धूसर राहिलं, आणि हिशेब झाकलेला राहिला, की फुटतात. तुमच्या गावात एका गल्लीनं वेगळी पावती पुस्तकं छापली, त्या गल्लीला बाहेरच्या कुणी फितवलं असेल असं मला वाटत नाही. आपली पट्टी कुठं जाते हे तिला दिसत नाही, म्हणून तिनं स्वतःचं पुस्तक छापलं.

आणि इथल्या मराठीपणाचं जे टिकलंय ते कसं टिकलं ते बघ. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी, सांबरा, तिकडे निपाणीकडचं कारदगा, ही गावं आपापली मराठी साहित्य संमेलनं भरवतात. ग्रंथदिंडी निघते, बाहेरून अध्यक्ष येतो, दुपारी गावजेवण असतं. प्रत्येक गाव आपला मांडव आपण घालतं, आपला पाहुणा आपण ठरवतं, वर्गणी आपण काढतं. कुठल्याही मध्यवर्ती कचेरीची परवानगी लागत नाही. एखाद्या गावाचं एखादं वर्ष चुकलं तरी बाकीची चालू राहतात. हे सगळं एकाच मोठ्या मंडळाच्या हातात असतं तर त्या मंडळाच्या अध्यक्षाच्या आजारपणाबरोबर सगळीच थांबली असती, तुमच्या लाईट बिलासारखी. उलट बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घे. चित्ररथ गल्लीगल्लीची मंडळं करतात, देखावा कोणता हे तीच ठरवतात. पण मिरवणुकीचा दिवस, मार्ग, पोलिसांशी बोलणं हे मध्यवर्ती मंडळाचं काम. तिथं चाळीस मंडळांनी चाळीस मार्ग धरले तर एकही रथ चौकातून पुढं सरकायचा नाही. दोन्ही रीती आपल्याच मातीत आहेत. कुठं कोणती लावायची, एवढंच ठरवायचं असतं.

आता तुझ्याकडे वळते, कारण तुम्ही पोरंही सुटत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी मिळून ठरवणं याला मी विकेंद्रीकरण म्हणणार नाही. तिथं अधिकार कुणाकडेच नाही, आणि कुणाकडेच नसला की तो हळूच त्याच्याकडे जातो ज्याला दिवसभर फोन बघायला वेळ आहे. तू सेकंड शिफ्टला असतोस तेव्हा ग्रुपवर शंभर मेसेज पडतात. तुझी आई त्या ग्रुपवर आहे का? गल्लीतल्या किती बायका आहेत? ज्यांना मराठी टाइप करता येत नाही ती म्हातारी माणसं? मांडवाचा दर तीन महिने ठरला नाही, कारण "हो" म्हणायचा अधिकार कुणालाच दिलेला नाही आणि "थांबा" म्हणायचा प्रत्येकाला आहे. आप्पांच्या राज्यात निदान मांडव तरी पडला असता.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. अधिकार खाली आणला म्हणजे तो आपोआप सगळ्यांपर्यंत पोचतो, असं नसतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब आंबेडकर खेड्यांबद्दल किती कठोर बोलले होते! खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर, ग्रामपंचायतींच्या गोडव्यांना भुलू नका, असा त्यांचा सूर होता. पुढं त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचं कलम राज्यघटनेच्या मसुद्यात आलं, आणि १९९३ पासून ७३ व्या दुरुस्तीनं पंचायती बहुतेक राज्यांत बंधनकारक झाल्या. पण त्या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी राखीव जागा घातल्या, त्या अशाच अनुभवातून. कारण अधिकार गावात आणला आणि तिथं नुसता सोडून दिला, तर तो गावातल्या चार घरांच्या ओसरीवर जाऊन बसतो. बेंगळुरातल्या साहेबापेक्षा ओसरीवरच्या पाटलाला "नाही" म्हणणं कितीतरी अवघड असतं. तो रोज दिसतो, त्याच्याच विहिरीवरून पाणी न्यायचं असतं.

म्हणून तुमच्या गल्लीवार कमिट्यांचा नकाशा काढ आणि त्याच्या बाहेर कोण राहतं ते बघ. वेशीबाहेरची वस्ती कोणत्या गल्लीत धरली? मळ्यात राहणारी घरं? नव्या प्लॉटांत राहायला आलेली माणसं? गावातली कन्नड बोलणारी कुटुंबं? ती पट्टी देतातच, देवीची ओटीही भरतात. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, हे धोरण दाखवून आपण मराठीत कागद मागतो. हा हक्क आपण हयातभर मागत आलो, तर आपल्या देवळाच्या फळ्यावरचा हिशेब मराठीबरोबर कन्नडमध्येही लागला पाहिजे. टक्के मोजत बसू नका, लावा.

आणि बायका. यात्रेत सगळ्यांत मोठी रांग ओटीची. उन्हात, लहान पोरं कडेवर, हातात ताट. ती रांग कुठून वळवायची, सावली कुठं करायची, पाण्याचे पिंप कुठं ठेवायचे, बाहेरगावच्या माहेरवाशिणींनी कुठं बसायचं, हे सगळं रांगेत कधीही उभे न राहिलेले पुरुष पंच ठरवतात. हा विभाग पैशासकट बायकांच्या हाती दे. "पैशासकट" मुद्दाम लिहिलं. नुसती जबाबदारी द्यायची आणि चहापाण्याच्या खर्चालाही अध्यक्षांच्या सहीसाठी ताटकळत ठेवायचं, याला अधिकार देणं म्हणत नाहीत.

याबाबतीत आपल्याच कर्नाटकात एक मोठं उदाहरण आहे. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असताना, पंचायत राज मंत्री अब्दुल नझीर साब यांनी १९८३ चा कायदा आणला आणि १९८७ ला जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यात एक चतुर्थांश जागा महिलांना राखीव होत्या, ७३ वी घटनादुरुस्ती यायच्या कितीतरी आधी. गावोगाव बोअर मारून पाणी आणलं म्हणून लोक त्यांना 'नीर साब' म्हणत. या माणसानं नुसती नावाची पदं वाटली नाहीत. जिल्हा परिषदेकडे खाती दिली, त्या खात्यांची माणसं दिली, पैसा दिला, आणि अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा दिला. कलेक्टरच्या दारात बसणारा सदस्य पहिल्यांदा खुर्चीत बसला. पुढच्या सरकारांनी त्यातलं बरंच परत वर ओढलं, आणि २०२१ नंतर निवडणुका कशा रखडल्या ते आपण बघितलंच. वरून मिळालेला अधिकार वरचा परत घेऊ शकतो, म्हणून तो कागदावर पक्का हवा, आणि खालच्यांनी वापरून वापरून त्याची सवय करून घ्यायला हवी.

मग कुठला निर्णय कुठं ठेवायचा? मी एक कसोटी लावते: चुकलं तर भोगणार कोण? ज्याची चूक सगळ्या गावाला भोवेल ते मध्यवर्ती कमिटीकडे. गल्लीतली चूक गल्लीतच निस्तरता येत असेल तर निर्णय गल्लीचा. रथ ओढायच्या दिवशी तारांची वीज बंद करायला हेस्कॉम या वीज कंपनीला पत्र, पोलीस बंदोबस्त, बसची सोय, पाहुण्यांच्या गाड्या कुठल्या शेतात लावायच्या, पाण्याचे टँकर, ॲम्ब्युलन्सला मोकळा रस्ता: हे एकाच टेबलावर, आणि तिथं एकाचा शब्द शेवटचा. मांडवाचा दरही तिथंच: तीन कोटेशनं मागवा, पाच जणांच्या समितीनं आठ दिवसांत ठरवावं, ग्रुपवर फक्त निर्णय कळवावा. गल्लीतली रोषणाई, कमानी, स्वयंसेवकांच्या पाळ्या, गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवळापर्यंत नेणं, कचरा उचलणं, हे गल्लीचं, आणि त्यासाठी ठरलेली रक्कम आधी गल्लीच्या हातात. पट्टीची पावती मात्र सगळ्या गावाची एकच, नंबर घातलेली. वेगळी पुस्तकं छापलेल्या गल्लीला दंड करायला जाऊ नका. तिच्याकडून जमलेली रक्कम जमा करून घ्या, तिची पुस्तकं रद्द करा, आणि त्याच गल्लीतल्या एकाला खजिनदाराच्या मदतीला घ्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी जगभरच्या पाणीवाट्यांचा, कुरणांचा, जंगलांचा अभ्यास करून दाखवलं होतं की लोक स्वतः केलेले नियम स्वतः राखतात, आणि पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा असली तर जास्त चांगले राखतात. आपल्या धुळे-नाशिककडे पांझरा नदीवर शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत ही त्यातलीच: बंधारा आणि पाट सगळ्यांचा, पाणी सोडणारा पाटकरी सगळ्यांनी नेमलेला, आणि कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कुठलं पीक हे शेतकऱ्यांनी बसून ठरवलेलं. तिथं सरकारचा इंजिनिअर नव्हता आणि मनमानीही नव्हती.

रथाचंच बघ ना. दोरखंडाला सगळं गाव लागतं. पुढं एक जण शिट्टी वाजवतो, ती वाजली की ओढायचं, थांबली की थांबायचं. पण चाकाशी जे चार जण लाकडाची पाचर घेऊन वाकलेले असतात, ते पाचर सारायच्या आधी शिट्टीवाल्याला विचारायला जात नाहीत. चाक कलतंय हे त्यांना दिसतं, पुढच्याला दिसत नाही, आणि विचारायला गेले तर तेवढ्यात पाय चिरडेल. आप्पांनी आयुष्यात कित्येक रथ ओढवलेत. अधिकार कुठं एकवटायचा आणि कुठं सोडायचा हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. वहीच्या बाबतीत त्यांना तसं कधी कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

ते तू सांग, पण बैठकीत नको. बैठकीत त्यांना चार लोकांसमोर हो म्हणणं म्हणजे हरणं वाटेल. रविवारी सकाळी घरी जा, एकटा जा. पहिल्यांदा मागायला जाऊ नकोस, लिहून घ्यायला जा. मागच्या यात्रेत हक्कदारांचा क्रम काय होता, पहिली ओटी कुणाची, रथाचं लाकूड कुणाच्या रानातून आलं, शेजारच्या कुठल्या गावांना मानाचं आमंत्रण जातं, कुणाशी काय वाद झाला होता आणि तो कसा मिटला. हे सगळं आज एका माणसाच्या डोक्यात आहे. चेकबुकपेक्षा ते जास्त धोक्याचं आहे, कारण चेकबुक बँकेतून नवीन मिळतं. मानपानाच्या क्रमाला तुम्ही यंदा हात लावू नका. त्यात अन्याय असेल तर यात्रा झाल्यावर, वर्षभर वेळ हातात असताना, गावसभेत काढा. हे सगळं लिहून होईल तेव्हा आप्पांच्या मनातली अर्धी भीती गेलेली असेल, कारण आपलं केलेलं कुणीतरी सांभाळतंय हे त्यांना दिसलेलं असेल.

मग दोनच गोष्टी मागायच्या. खात्यावर तिघांच्या सह्या, त्यातल्या कुठल्याही दोन चालतील, आणि तिघांत आप्पा असतीलच. दुसरी, दर रविवारी जमाखर्च देवळाच्या फळ्यावर. "तुमच्यावर संशय आहे म्हणून" असं चुकूनही म्हणू नकोस, कारण तसं नाहीच. "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा आम्ही अडकलो, आणि उद्या तुमच्या नावावर कुणी खोटं बोलू नये म्हणून" असं सांग. दोन्ही खरं आहे. प्रामाणिक माणसाला उघड्या हिशेबाचा सगळ्यांत जास्त फायदा होतो. झाकलेल्या वहीत त्याची आणि चोराची वही सारखीच दिसते.

या दोन गोष्टींना ते "नाही" म्हणाले तर? मग गावसभेत ठराव मांडावा लागेल, आणि तो तू मांडू नकोस. आप्पांच्या वयाच्या, त्यांचा मान राखणाऱ्या माणसाला मांडायला सांग. ठरावात अध्यक्ष बदलायची भाषा एका शब्दानंही नको. एवढं करूनही ते रागावले तर रागावू दे. यात्रेच्या तयारीत दोन महिने अबोला चालतो. वर्गणीच्या पैशाबद्दल कुजबुज सुरू झाली तर ती पुढच्या पिढीपर्यंत चालते.

अध्यक्षपदाची मुदतही लिहून घ्या: यात्रा संपून हिशेब मंजूर होईपर्यंत. हिशेब मंजूर झाला की त्याच बैठकीत पुढची देवस्थान कमिटी निवडायची, आणि खजिनदार सलग दोनदा तोच नको. कमिटी नोंदणीकृत नसेल तर सोसायटी म्हणून नोंदवून घ्या, म्हणजे दरवर्षी तपासलेला हिशेब द्यावाच लागेल आणि उद्याच्या अध्यक्षाची मर्जी आडवी येणार नाही.

जाता जाता एक काम सांगते. रस्ता, गटार, पथदिवे यांचा खर्च यात्रेच्या पट्टीतून करू नका. तो ग्रामपंचायतीचा आहे. कर्नाटकच्या पंचायत कायद्यात ग्रामसभेच्या खाली वॉर्डसभा आहे, आणि वॉर्डातली कामं सुचवायचा हक्क तिथं बसलेल्या मतदारांना आहे. बहुतेक गावांत ती पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. तुमच्या गल्लीवार कमिट्यांनी पुढच्या वॉर्डसभेला वीस-पंचवीस माणसं न्यावीत, त्यात निम्म्या बायका असाव्यात, यात्रेच्या वाटेवरच्या रस्त्याचं काम लेखी मागावं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत जोडा. गावात कन्नड शाळेत शिकलेली पोरं आहेत, त्यांना बोलवा. तारीख आधी पंचायतीतून विचारून घे आणि शिफ्ट बदलून घे. तिथं तू स्वतः असायला हवास.

– ताई